मॅट्रिक ते बारावी : प्रमाणपत्रावरची तिसरी सही



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेच रानडे १८५९ साली झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. तेव्हा वसंतातल्या व्यासपीठावरून मॅट्रिकचा इतिहास सांगणे अस्थानी ठरू नये. या परीक्षेचे नाव पुढे बदलले, इयत्ता बदलली, ती घेणारी संस्था बदलली. मॅट्रिक गेली आणि एस. एस. सी. आली, अकरावी गेली आणि दहावी आली, इंटर गेली आणि बारावी आली. प्रत्येक वेळी आयोग बसला, अहवाल निघाला आणि यापुढे शिक्षण जीवनाशी जोडले जाईल असे आश्वासन मिळाले. ते आश्वासन दर पिढीला नव्याने का द्यावे लागले, एवढाच आजचा आमचा प्रश्न आहे.

आम्ही शिक्षणशास्त्री नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शाळेत मिळायचे राहून गेले ते आम्ही संघटनेच्या कपाटातील अहवालांतून, न्यायालयांच्या निवाड्यांतून आणि उसन्या पुस्तकांतून मिळवले. त्यामुळे कोणताही कागद हाती आला की त्यावर सह्या कोणाच्या आहेत हे आम्ही आधी पाहतो. मजकूर कितीही गोड असला तरी मालकाची सही नसलेला करार म्हणजे रद्दी, हे आमच्या धंद्यातले पहिले शिक्षण होय.

याच नजरेने परीक्षेच्या प्रमाणपत्राकडे पाहा. त्यावर दिसोत वा न दिसोत, तीन सह्या असाव्या लागतात. पहिली विद्यार्थ्याची : त्याने आपल्या आयुष्याची इतकी वर्षे दिली. दुसरी परीक्षकाची : याला अमुक येते, अशी तो ग्वाही देतो. तिसरी सही त्याची, जो म्हणतो की हा कागद घेऊन येणाऱ्याला मी वर्गात, कचेरीत किंवा कारखान्यात जागा देईन. ही तिसरी सही ज्या कागदावर होती तो चालला. जिथे ती नव्हती तिथे अभ्यासक्रम कितीही चांगला असो, कागद पडून राहिला. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांच्या सुधारणांचे मर्म आम्हांला यात दिसते.

मॅट्रिकचेच घ्या. १८५७ साली मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, आणि त्यात प्रवेश मिळवण्याची परीक्षा म्हणजे मॅट्रिक. तिचा हेतू कॉलेजात कोणाला घ्यावे हे ठरवण्यापुरता होता. परंतु इंग्रजी सरकारला कारकून हवे होते, टपालाला आणि आगगाडीलाही हवे होते. त्यांनी हीच परीक्षा प्रमाण मानली. कॉलेजची सही होतीच, तिच्याशेजारी कचेरीची सही पडली आणि मॅट्रिकचा भाव चढला. खेड्यात मराठी सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलची गोष्ट अशीच होती. फायनल झालेला मुलगा प्राथमिक शिक्षक होऊ शके, तलाठी होऊ शके. म्हणून बाप जमीन गहाण टाकूनही त्याला फायनलला बसवी. या परीक्षांत व्यवहारोपयोगी ज्ञान फार होते असे नाही. त्यांच्यामागे कोणीतरी उभे होते.

ही व्यवस्था कोणासाठी आहे, हे महात्मा फुल्यांनी ओळखले होते. फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा चालवली होती, हे येथे ध्यानात ठेवावे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले की मॅट्रिकच्या परीक्षेने शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे सारे लक्ष खाऊन टाकले आहे, आणि तिच्या अभ्यासक्रमात स्वतंत्रपणे जगण्यास उपयोगी पडेल असा व्यावहारिक अंश नाही. घरी स्वतः अभ्यास करणाऱ्यालाही विद्यापीठाच्या परीक्षांची दारे लंडनप्रमाणे उघडी असावीत, अशीही त्यांची मागणी होती. सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या आजच्या कामगाराने ही मागणी कोणाची, हे विसरू नये.

हंटर आयोगाने फुल्यांच्या तक्रारीतील एक भाग मान्य केला. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात, एक विद्यापीठाकडे जाणारी आणि दुसरी व्यापार-उदीम व इतर व्यवसायांकडे जाणारी, अशी शिफारस झाली. पुढे मुंबई इलाख्यात स्कूल फायनल ही वेगळी परीक्षाही निघाली. सरकारी नोकरीसाठी ती चाले. परंतु व्यापाऱ्याने आणि गिरणीमालकाने तिची दखल घ्यावी असे बंधन कोणी घातले नव्हते. म्हणून दुसरी वाटदेखील कचेरीच्याच दारात जाऊन थांबली, आणि मान मॅट्रिककडेच राहिला.

याच काळात मुंबईत दुसरे एक प्रचंड विद्यालय उभे राहत होते, त्याला मात्र कोणी विद्यालय म्हटले नाही. विद्यापीठ निघाले त्याच दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी निघाली. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे गिरणीत काम शिकली ती भावाच्या, चुलत्याच्या किंवा गाववाल्याच्या शेजारी उभी राहून. भरती जॉबर करी. सूत पाहून त्याचा दोष सांगणारा, आवाजावरून साच्यातला बिघाड ओळखणारा माणूस कोणत्याही परीक्षेच्या हिशेबात नव्हता. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि कामगार वस्तीत रात्रशाळा व वाचनालये चालवली. तेच जोशी १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत होते. शाळा आणि संघटना या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत. पुढे १९४७ साली औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांतील वेतनाचे प्रमाणीकरण झाले. कोणत्या कामाला किती दाम हे ठरले, आणि तो मोठाच विजय होता. ते काम कोठे शिकावे आणि शिकल्याचा दाखला कोणी द्यावा, हा प्रश्न तसाच उरला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने मॅट्रिक विद्यापीठाच्या हातून काढली. १९४८ साली कायदा झाला आणि १९४९ साली पहिली एस. एस. सी. परीक्षा झाली. नावातच भूमिका होती. मॅट्रिक ही विद्यापीठात शिरण्याची परीक्षा, एस. एस. सी. हे माध्यमिक शिक्षण पुरे झाल्याचे प्रमाणपत्र. प्राथमिकच्या चार आणि माध्यमिकच्या सात अशा अकरा इयत्ता संपवून विद्यार्थी बाहेर पडेल, त्याला आपल्या कलाप्रमाणे विषय घेता येतील, अशी कल्पना होती. कल्पना उत्तम होती. परंतु कॉलेजात जायचे तर ठराविक विषय घेणे भाग होते. मग हुशार समजला जाणारा मुलगा ते विषय घेई आणि उरलेल्यांनी उरलेले विषय घ्यावेत असा रिवाज पडला. चौदाव्या वर्षी गणित सोडलेल्या मुलीला आपण कोणकोणती दारे लावून घेतली हे अकरावीनंतर कळे.

१९५२ साली लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोग बसला. त्याने बहुउद्देशीय शाळांची योजना मांडली. मानव्यविद्या, विज्ञान, तंत्रशिक्षण, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान अशा सात शाखा एकाच छपराखाली नांदाव्यात, म्हणजे लेथवर काम करणारा मुलगा आणि संस्कृत शिकणारा मुलगा एकाच शाळेचे राहतील. आम्हांला या योजनेबद्दल आजही आदर वाटतो, कारण तिच्यात उच्चनीच मोडण्याची इच्छा होती. पण तंत्रशाखेच्या मुलाला अकरावीनंतर घेणार कोण, याचे उत्तर शाळेच्या छपराबाहेर होते आणि तेथपर्यंत आयोगाचा हात पोचत नव्हता.

मग आला कोठारी आयोग. १९६४ साली तो नेमला गेला, १९६६ साली त्याचा अहवाल आला. अध्यक्ष दौलतसिंग कोठारी, आणि सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले आहे ते जे. पी. नाईक. दहा वर्षे सर्वांना समान शिक्षण, नंतर दोन वर्षे उच्च माध्यमिक आणि त्यापुढे तीन वर्षांची पदवी, हा आकृतिबंध या आयोगाने मांडला. शाळा आणि विद्यापीठ यांची खरी सीमारेषा मॅट्रिकवर नसून इंटरवर आहे, हा विचार १९१९ च्या सॅडलर आयोगानेच सांगितला होता. कोठारी आयोगाने त्यात मोलाची भर घातली : दहावीनंतर शिकणाऱ्यांपैकी निम्मे विद्यार्थी १९८६ पर्यंत व्यवसायशिक्षणात असावेत. निम्मे, हा शब्द आपण मनात धरून ठेवू.

महाराष्ट्रात नव्या पद्धतीची पहिली दहावी १९७५ साली झाली आणि ती तुकडी १९७७ साली बारावीला बसली. या बदलाचा अर्धा भाग खरोखर क्रांतिकारक होता. गणित आणि विज्ञान दहावीपर्यंत सर्वांना सक्तीचे झाले. नापासांच्या संख्येवरून त्या काळी ओरड झाली, ती समजण्यासारखी होती. परंतु मजुराच्या मुलीला गणित झेपणार नाही म्हणून तिला ते शिकवूच नये, या जुन्या सोयीस्कर दयेपेक्षा ही सक्ती आम्ही केव्हाही पसंत करू. गणिताचा शिक्षक जिथे नव्हता तिथे दोष विषयाचा मानला गेला, हे दुर्दैव.

दुसरा अर्धा भाग म्हणजे ती मधली दोन वर्षे. सोळा ते अठरा हे वय सर्वांत नाजूक. मुलगा याच वयात कामाला लागतो आणि मुलीचे याच वयात लग्न ठरते. या दोन वर्षांत वाटा फुटायच्या होत्या. अकरावी-बारावीचे वर्ग काही कॉलेजांना जोडले, काही हायस्कुलांना. त्यांना कनिष्ठ महाविद्यालय असे नाव मिळाले आणि आत कला, विज्ञान, वाणिज्य याच तीन जुन्या शाखा नांदू लागल्या. शाळेत कार्यानुभवाचा तास आला. हाताने काम केल्यावाचून शिक्षण पुरे होत नाही हे त्यामागचे तत्त्व. तासाला मुले खडू करीत, मेणबत्त्या ओतत आणि गुण घेत. बारावी ही वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या फाटकावरची चाळण झाली. ती गाठण्यासाठी खाजगी शिकवण्यांचा धंदा वाढला. ज्या दोन वर्षांत सर्वांत अधिक वाटा हव्यात, तिथेच सर्वांत अधिक गर्दी झाली.

आणि ते निम्मे विद्यार्थी? १९८६ उजाडले. त्या वर्षीच्या राष्ट्रीय धोरणाने नवे लक्ष्य ठरवले : उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांपैकी १० टक्के १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसायशिक्षणाकडे वळावेत. १९९२ साली त्याच धोरणाची दुरुस्ती झाली. टक्के तेच राहिले, मुदत १९९५ आणि २००० अशी पुढे गेली. २०२० च्या धोरणाने पुन्हा ५० टक्के हा आकडा उचलला आणि २०२५ ही मुदत घातली. पण शब्द नीट वाचा. निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय घडावा, एवढेच तिथे म्हटले आहे. १९६६ साली निम्म्यांनी शिकायचे होते. २०२० साली निम्म्यांनी ओळख करून घ्यायची ठरली. याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेतील एक अंदाज उद्धृत केला आहे : १९ ते २४ वयाच्या भारतीय कामकऱ्यांत रीतसर व्यवसायशिक्षण मिळालेले ५ टक्क्यांहून कमी, तर जर्मनीत ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के.

महाराष्ट्राने काही केलेच नाही असे आम्ही म्हणणार नाही. किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम १९८६ च्या धोरणानंतर राज्यात सुरू झाले. तंत्रनिकेतनात पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची सोय त्यांतील काही विद्यार्थ्यांना मिळाली, आणि जिथे ही सोय होती तिथे मुलांची पावले वळली. यावरूनच आमचे म्हणणे सिद्ध होते. तंत्रनिकेतनाने सही केली, कागद चालला. कारखान्यांनी आपापल्या भरतीच्या नियमांत या प्रमाणपत्राला जागा दिली नाही, तिथे तो दहावी नापासाच्या शेजारी जाऊन बसला.

कारखान्याची सही घेण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला, तो १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने. या कायद्याने मालकावर ठराविक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले. आय. टी. आय. झालेल्या मुलाला कारखान्याचे फाटक कायद्याने उघडले, विद्यावेतन मिळाले. सामान्य घरांत आय. टी. आय.ला जो मान आहे त्याचे मूळ या तरतुदीत आहे. पण याच कायद्याचे दोन कलम आम्हांला तोंडपाठ आहेत. अठराव्या कलमाने शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, त्याला कामगार कायदे लागू नाहीत. बाविसाव्याने शिकून झाल्यावर त्याला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नव्हते. म्हणजे सही झाली, पण अर्धी. परिणाम आम्ही डोळ्यांनी पाहिला. एका कारखान्यात कायम कामगाराच्या यंत्रावर शिकाऊ मुलगा उभा राही, वर्षअखेर घरी जाई, आणि त्याच यंत्रावर दुसरा शिकाऊ येई. यंत्राने तीन-चार मुले शिकवली, जागा एकाही मुलाला मिळाली नाही. २०१४ साली कायदा बदलला. भरतीचे धोरण प्रत्येक मालकाने स्वतः ठरवावे असे त्यात आले, आणि कायदा मोडणाऱ्या मालकाला असलेली तुरुंगवासाची तरतूद त्यातून गेली.

प्रमाणपत्र नसण्याची किंमत काय असते हे मुंबईने १८ जानेवारी १९८२ नंतर पाहिले. संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यांपैकी असंख्य लोक पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. वीस वर्षे चार-चार साचे चालवलेला माणूस नव्या दारात गेला की त्याला विचारत, शिक्षण किती? तो सांगे, चौथी. त्याच्या वीस वर्षांची नोंद कोणत्याही बोर्डाकडे नव्हती. मग तो रखवालदार झाला, भाजी विकू लागला, गावी परतला. एवढे मोठे कौशल्य एका पिढीत मातीमोल झाले.

जर्मनीचा आकडा वर आला, म्हणून तेथील एक गोष्ट सांगतो. तेथे मुलगा आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत शिकतो. १९६९ च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे परीक्षा मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने बसतात, सोबत शिक्षकही असतो. ज्याला उद्या त्या मुलाला कामावर घ्यायचे आहे आणि ज्याला उद्या त्याच्या शेजारी काम करायचे आहे, ते दोघेही त्याच्या प्रमाणपत्रावर सही करतात. तिथला समाज वेगळा, उद्योग वेगळे. त्याची नक्कल येथे होणार नाही. पण सही कोणाची हवी, हे त्यांनी कायद्यात लिहिले.

कोणी म्हणेल की तुम्ही शिक्षणाला नोकरीच्या दावणीला बांधता. ज्ञान हे ज्ञानासाठी नाही काय? आहे, आणि कामगाराच्या पोरालाही तुकाराम आणि त्रिकोणमिती दोन्ही मिळाली पाहिजेत. म्हणूनच दहावीपर्यंत सर्वांना एकच शिक्षण, या कोठारींच्या तत्त्वाला आम्ही धरून आहोत. वाट लवकर फोडली की ती जातीप्रमाणे आणि बापाच्या पगाराप्रमाणे फुटते. परंतु सोळाव्या वर्षी ज्याच्या घरी चूल त्याच्या कमाईकडे डोळे लावून बसते, त्याला ज्ञानासाठी ज्ञान हा उपदेश करणे सोपे आणि ते मिळवून देणे कठीण. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे जाणले होते. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने कमवा व शिका हे सूत्र दिले ते पोट आणि पाटी यांची फारकत न करता.

आज कायदा काय म्हणतो पाहा. २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वर्षांपर्यंत दिला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदाच्या खालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामातून वगळले. मधली चार वर्षे मात्र ना हक्काची, ना पुरत्या बंदीची. ज्या वयासाठी आयोगांनी एवढी शाई खर्चली त्याच वयात मुलाला शाळेत ठेवण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरही टाकलेली नाही.

म्हणून पुढच्या वेळी नवा आकृतिबंध, नवे नाव, नवी गुणपत्रिका आली की आपण इयत्तांची बेरीज विचारीत बसू नये. चार प्रश्न विचारावेत. या प्रमाणपत्रावर कोण जागा देणार, आणि ते कोणत्या नियमात लिहिले आहे? शिकण्याच्या दोन वर्षांत घरच्या चुलीचे काय? आज व्यवसायशिक्षण घेतलेल्याला उद्या पदवीकडे वळायचे झाले तर दार उघडे आहे काय? आणि जो शाळेत न जाता यंत्रावर शिकला, त्याचे ज्ञान तपासून नोंदवणारी परीक्षा कोठे आहे? संघटनांनी हे चार प्रश्न वेतनवाढीच्या मागणीपत्रात, बोनसच्या कलमाशेजारी, लिहावेत. पालकांनी ते शाळेच्या सभेत विचारावेत. सरकारने उत्तर द्यावे, आणि उद्योगपतींनी, ज्यांना कुशल माणसे मिळत नाहीत अशी तक्रार आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो, त्यांनी लेखणी उचलून त्या कागदावर सही करावी.